घटक ४ : शालान्त समकक्षता परीक्षा आणि कम्युनिटी कॉलेज : अमेरिकेतील अनुभव

४.१ प्रास्ताविक



‘सतरा नंबरचा फॉर्म’ हे शब्द आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले असतील. काहींनी तो फॉर्म स्वतः भरलाही असेल. शाळेत नियमित न जाता दहावी किंवा बारावीच्या परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसू इच्छिणाऱ्यासाठी महाराष्ट्रात ही सोय आहे. घरची अडचण, लवकर झालेले लग्न, रोजगार, एखाद्या विषयात बसलेला नापासाचा शिक्का, अशा कोणत्याही कारणाने ज्याची शाळा सुटली, त्याला परत येण्यासाठी ठेवलेली ही एक वाट आहे. या वाटेचे एक वैशिष्ट्य सहसा आपल्या लक्षात येत नाही. खासगी उमेदवार जी परीक्षा देतो ती नियमित विद्यार्थ्याचीच असते. मंडळ तेच, प्रश्नपत्रिका तीच, उत्तीर्णतेची अटही तीच. त्यामुळे त्याचे प्रमाणपत्र शाळेत गेलेल्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्राशी ‘समकक्ष’ आहे काय, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न मुळापासून वेगळा आहे. तेथे शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि सर्व देशाला लागू असलेली आपल्या दहावी-बारावीसारखी शालान्त परीक्षा नाही. नववी ते बारावी या चार वर्षांत ठरावीक विषयांचे ठरावीक श्रेयांक मिळविले की विद्यार्थ्याला त्याची शाळा ‘हायस्कूल डिप्लोमा’ देते. काही राज्यांत त्याच्या जोडीला राज्याची परीक्षाही असते. परंतु डिप्लोमाचा मुख्य आधार म्हणजे चार वर्षे वर्गात बसून केलेले काम. मग ज्याने अकरावीत शाळा सोडली, त्याने वयाच्या तिसाव्या वर्षी बसायचे तरी कोणत्या परीक्षेला? शाळेच्या विद्यार्थ्यांनीच जी दिलेली नाही, ती परीक्षा त्याच्यासाठी कोठून आणायची? या अडचणीतून ‘समकक्षता परीक्षा’ नावाची एक स्वतंत्र व्यवस्था तेथे उभी राहिली. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे जीईडी.

प्रस्तुत घटकात आपण या परीक्षेचा उगम, तिचे आजचे स्वरूप, ती जेथे शिकविली आणि घेतली जाते त्या कम्युनिटी कॉलेजांचे काम आणि अखेरीस ‘समकक्ष’ या शब्दाभोवतीचा वाद पाहणार आहोत. वादाचा भाग थोडा विस्ताराने मांडला आहे. कारण आपण स्वतः मुक्त शिक्षणाचे विद्यार्थी असल्याने तो आपल्याला सर्वांत जवळचा आहे.

४.२ युद्धातून जन्मलेली परीक्षा

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अनेक शाळा-महाविद्यालयांनी परतलेल्या सैनिकांना केवळ सैन्यात घालविलेल्या काळाबद्दल सरसकट श्रेयांक बहाल केले होते. अमुक महिने सेवा केली, म्हणून अमुक विषय उत्तीर्ण! देशभक्तीच्या भरात घेतलेल्या या निर्णयाने शिक्षणाचे नुकसान झाले आणि सैनिकांचेही. कारण न शिकलेल्या विषयाचे श्रेय घेऊन पुढच्या वर्गात बसलेल्या माणसाची जी फजिती व्हायची ती झालीच. दुसऱ्या महायुद्धात ही चूक पुन्हा होऊ नये, असे तेथील शिक्षणतज्ज्ञांना वाटत होते. शाळेची शेवटची वर्षे अर्धवट टाकून लाखो तरुण सैन्यात चालले होते. ते परत आल्यावर त्यांना पुन्हा सोळा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसविणे शक्य नव्हते, इष्टही नव्हते.

१९४२ मध्ये अमेरिकन सैन्याच्या शिक्षणसंस्थेसाठी या परीक्षेची रचना सुरू झाली. शिकागो विद्यापीठातील राल्फ टायलर आणि आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट ही तिच्यामागची दोन प्रमुख नावे. लिंडक्विस्ट यांनी आयोवातील शाळांसाठी आधीच ज्या चाचण्या तयार केल्या होत्या, त्यांच्या धर्तीवर ही परीक्षा बेतली गेली. त्या चाचण्यांमागचा विचार त्या काळी नवा होता. विद्यार्थ्याने कोणते पाठ्यपुस्तक वाचले आणि त्यातले त्याला किती आठवते, हे विचारायचे नाही. एखादा उतारा, आलेख किंवा तक्ता समोर ठेवायचा आणि त्यावरून त्याला काय समजते, काय अनुमान काढता येते, ते पाहायचे. रणभूमीवर, जहाजावर किंवा कारखान्यात माणूस पुस्तकाविना पुष्कळ शिकतो. ते शिक्षण मोजता आले पाहिजे, ही त्यामागची धारणा होती. नावातील ‘जनरल एज्युकेशनल डेव्हलपमेंट’ म्हणजे ‘सर्वसाधारण शैक्षणिक विकास’ या शब्दांचा अर्थ तोच. लोकव्यवहारात मात्र जीईडीतील ‘डी’ म्हणजे ‘डिप्लोमा’ अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः जीईडी हे परीक्षेचे नाव आहे. ती उत्तीर्ण झाल्यावरचे प्रमाणपत्र ज्या त्या राज्याकडून मिळते.

१९४४ च्या कायद्याने (तो ‘जी. आय. बिल’ या नावाने ओळखला जातो) परतलेल्या सैनिकांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि या परीक्षेचे महत्त्व एकदम वाढले. १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ती नागरिकांसाठीही खुली केली. इतर राज्ये क्रमाने त्याच वाटेने गेली आणि १९५९ पर्यंत परीक्षार्थींमध्ये माजी सैनिकांपेक्षा इतर नागरिकांची संख्या अधिक झाली. सैनिकांसाठी केलेली तात्पुरती सोय अशा रीतीने शाळा सुटलेल्या सर्व प्रौढांची कायमची वाट बनली.

४.३ परीक्षेचे आजचे स्वरूप

या परीक्षेची पुनर्रचना अनेकदा झाली. त्यांतील सर्वांत मोठी २०१४ ची. तिच्याआधी, २०११ मध्ये, परीक्षेच्या संचालनात पिअर्सन ही खासगी कंपनी भागीदार झाली होती. २०१४ पासून कागद-पेन्सिल गेली, परीक्षा पूर्णपणे संगणकावर आली आणि तिची काठिण्यपातळी वाढली. जुन्या पद्धतीत काही विषय उत्तीर्ण होऊन उरलेले राहिले असतील, तर ते आधीचे गुण २०१३ अखेर रद्द होणार होते. त्यामुळे त्या वर्षी परीक्षाकेंद्रांवर एकच झुंबड उडाली. २०१४ मध्ये परीक्षार्थींची संख्या झपाट्याने घसरली. याच सुमारास हायसेट आणि टास्क या दोन प्रतिस्पर्धी परीक्षा बाजारात आल्या आणि कोणती परीक्षा मान्य करायची हे राज्ये आपापले ठरवू लागली. न्यूयॉर्कने जीईडी सोडून टास्क स्वीकारली. २०२१ अखेर टास्क बंद पडल्यावर ते राज्य पुन्हा जीईडीकडे आले. ज्या अध्ययनार्थीने दोन विषय एका परीक्षेत काढले आणि तेवढ्यात परीक्षाच बदलली, त्याच्या मनःस्थितीची कल्पना आपण करू शकतो.

आजच्या जीईडीत चार विषय आहेत. भाषेच्या परीक्षेला १५० मिनिटे, गणिताला ११५, विज्ञानाला ९० आणि सामाजिक शास्त्रांना ७० मिनिटे असतात; म्हणजे एकूण सात तासांहून किंचित अधिक. चारही विषय एकाच दिवशी द्यावे लागत नाहीत. तयारी होईल तसा एकेक विषय देता येतो. भाषेतील उताऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माहितीपर असतात आणि एक-चतुर्थांशच साहित्यातले. (मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हे प्रमाण खटकेल; मलाही खटकते.) दोन परस्परविरोधी मते मांडणारे उतारे वाचून त्यांपैकी कोणाचा युक्तिवाद अधिक सबळ आहे, हे ४५ मिनिटांत पुराव्यांसह लिहून दाखवावे लागते. गणितात निम्म्याहून थोडा अधिक भाग बीजगणिताचा असतो आणि बहुतेक प्रश्नांना पडद्यावरील कॅल्क्युलेटर वापरता येतो. सामाजिक शास्त्रांत निम्मा भार नागरिकशास्त्र आणि शासनव्यवस्थेवर आहे. अमेरिकेत वाढलेल्या माणसाला त्यातील शब्द तरी ओळखीचे असतात. परदेशातून आलेल्या प्रौढाला त्या देशाची राज्यघटना, न्यायालये आणि मतदानाचा इतिहास मुळापासून वाचावा लागतो.

प्रत्येक विषयाचे गुण १०० ते २०० या मापावर दिले जातात आणि प्रत्येकात किमान १४५ हवेत. एका विषयातील जास्तीचे गुण दुसऱ्यातील तूट भरून काढू शकत नाहीत. १४५ हा आकडा आधी १५० होता. जानेवारी २०१६ मध्ये तो खाली आणला गेला. कारण त्या रेषेच्या किंचित खाली राहिलेल्यांपैकी जे पुढे महाविद्यालयात गेले, ते शाळेतून डिप्लोमा घेऊन आलेल्यांच्या तुलनेत मागे पडत नव्हते, असे परीक्षासंस्थेला दिसून आले. बहुतेक राज्यांनी हा बदल पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला. म्हणजे ज्यांनी १४७ गुण मिळवून ‘आपण नापास झालो’ असे मानले होते, ते एका निर्णयाने उत्तीर्ण ठरले. उत्तीर्णतेची रेषा निसर्गाने आखलेली नसते. ती माणसे ठरवितात. ती कशी ठरवितात, हेही माहीत असावे. शाळेच्या अखेरच्या वर्षात असलेल्या, डिप्लोमा मिळणार असलेल्या विद्यार्थ्यांच्या एका नमुन्याला हीच परीक्षा दिली जाते आणि त्यांच्या कामगिरीच्या आधारे रेषा आखली जाते. ती मुद्दाम अशा जागी असते की त्या विद्यार्थ्यांपैकीही बरेचजण तिच्याखाली राहतात. समकक्षतेचा तांत्रिक आधार हा असा आहे.

विचार करा : एखाद्या परीक्षेची उत्तीर्णतेची रेषा बदलल्याने काल अनुत्तीर्ण असलेली व्यक्ती आज उत्तीर्ण ठरते. तिच्या ज्ञानात बदल झाला काय? नसल्यास, बदल कशात झाला?

४.४ कम्युनिटी कॉलेजचे दार

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज ही संस्था आपल्याकडील कोणत्याही एका संस्थेशी तंतोतंत जुळत नाही. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. त्या वेळी त्यांना ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. आज देशभर अशी हजाराच्या आसपास महाविद्यालये आहेत. दोन वर्षांची असोसिएट पदवी, परिचारिकेपासून वेल्डरपर्यंतचे व्यवसायशिक्षण, स्थलांतरितांसाठी इंग्रजीचे वर्ग आणि शाळा सुटलेल्यांसाठी समकक्षता परीक्षेची तयारी, हे सारे एकाच आवारात चालते. प्रवेशाला गुणवत्ता यादी नसते. येईल त्याला घ्यायचे, हे त्यांचे धोरण.

समकक्षतेचे वर्ग कोण चालविते, हे राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात ते मोठ्या प्रमाणात शालेय जिल्ह्यांच्या प्रौढशाळांकडे आहेत. वॉशिंग्टन किंवा नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत हे काम प्रामुख्याने कम्युनिटी कॉलेजांकडे आहे. नॉर्थ कॅरोलिनात अशी ५८ महाविद्यालये असून राज्यातील कोणाही नागरिकाला एखादे महाविद्यालय फार दूर पडू नये, अशी त्यांची मांडणी आहे. या वर्गांना संघराज्य सरकारच्या प्रौढशिक्षण कायद्याखाली निधी मिळतो आणि बहुधा ते विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात चालतात. परीक्षेचे शुल्क मात्र वेगळे असते. ते राज्यानुसार कमी-अधिक असते आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यात मुळीच नसते.

एखादी अध्ययनार्थी तेथे गेली तर काय घडते, ते पाहू. समजा, ती चौतीस वर्षांची आहे, वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करते आणि तिने अकरावीत शाळा सोडली आहे. प्रथम तिला एका माहितीसत्राला बोलावले जाते. त्यानंतर स्थाननिश्चिती चाचणी होते. तिच्यात पास-नापास नसते. वाचन आणि गणित यांत ती कोणत्या इयत्तेच्या पातळीवर उभी आहे, एवढेच पाहायचे असते. सतरा वर्षे गणिताला हात न लावलेल्या माणसाचा निकाल पुष्कळदा सहावी-सातवीच्या पातळीचा येतो आणि अनेकजण येथेच खचतात. वर्गात तिच्या शेजारी अठरा वर्षांचा मुलगा असतो आणि साठीला आलेले गृहस्थही. संध्याकाळचा वर्ग, कामाची पाळी बदलली की चुकलेला धडा, घरी मुलांचा अभ्यास. आपल्या संपर्कसत्रांना येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वर्णन नव्याने सांगायला नको. संमंत्रकाला वाटले की तिची तयारी झाली, म्हणजे ती सराव चाचणी देते. तिच्यात ‘उत्तीर्ण होण्याची शक्यता’ दिसली, तर खरी परीक्षा.

परीक्षाकेंद्र बहुधा त्याच महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीत असते. सरकारी ओळखपत्र दाखवावे लागते. मोबाइल, पिशवी आणि हातावरचे घड्याळही बाहेर ठेवावे लागते. आकडेमोडीसाठी कागदाऐवजी पुसता येण्याजोगी पाटी मिळते. वर्ग संपल्यावर ज्या मार्गिकेतून ती रोज जात होती, त्याच मार्गिकेत ही खोली असते. ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु ज्याने शाळेत अपयश अनुभवले आहे त्याच्यासाठी परीक्षेची जागा ओळखीची असणे किती मोलाचे असते, ते बोर्डाच्या परीक्षेला परगावच्या केंद्रावर गेलेल्या विद्यार्थ्याला विचारावे. निकाल बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत कळतो. एखादा विषय राहिला, तर तो पुन्हा देता येतो. लागोपाठच्या अपयशानंतर मात्र साठ दिवस थांबावे लागते.

परदेशातून आलेल्यांच्या बाबतीत एक व्यावहारिक मुद्दा येथे नोंदविणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातून बारावी उत्तीर्ण होऊन गेलेल्या व्यक्तीस सामान्यतः ही परीक्षा देण्याचे कारण नसते. तिने आपल्या गुणपत्रिकांचे परदेशी शैक्षणिक कागदपत्रांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे. शिक्षण अर्धे राहिलेल्या किंवा कागदपत्रे कायमची हरवलेल्या व्यक्तीसाठी समकक्षता परीक्षा हा मार्ग उरतो.

या दाराने आत गेलेला माणूस कोठवर जाऊ शकतो, याचे एक सार्वजनिक उदाहरण रिचर्ड कार्मोना यांचे आहे. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेल्या या मुलाने शाळा सोडली आणि १९६७ मध्ये सैन्यात भरती घेतली. सैन्यात असताना त्यांनी समकक्षता परीक्षा दिली. सेवेतून बाहेर पडल्यावर ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजमध्ये माजी सैनिकांसाठीच्या मुक्त प्रवेश योजनेतून त्यांना जागा मिळाली. पुढे ते शल्यचिकित्सक झाले आणि २००२ ते २००६ या काळात अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे देशाच्या सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख प्रवक्ते, या पदावर होते. अशी उदाहरणे परीक्षेच्या प्रचारपत्रकांत नेहमी येतात. ती खरी असली तरी अपवादात्मक आहेत, हे विसरून चालत नाही. सर्वसाधारण परीक्षार्थीचे पुढे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर तितके सुखद नाही.

४.५ समकक्षता कितपत खरी?

१९९३ मध्ये स्टीफन कॅमेरॉन आणि जेम्स हेकमन या अर्थशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. समकक्षतेची ही प्रमाणपत्रे मुळीच समकक्ष नाहीत, असा त्याच्या शीर्षकाचाच आशय होता. हेकमन यांना २००० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह याच विषयावर ग्रंथ संपादित केला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. जीईडी उत्तीर्ण झालेली माणसे बुद्धीच्या चाचण्यांत शाळेतून डिप्लोमा घेतलेल्या, पण पुढे महाविद्यालयात न गेलेल्या माणसांच्या बरोबरीची दिसतात. परीक्षा म्हणून जीईडी खोटी नाही. ती जे मोजते ते बरोबर मोजते. परंतु नोकरी, मिळकत आणि महाविद्यालयातील टिकाव यांच्या कसोटीवर हीच माणसे डिप्लोमाधारकांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्या अधिक जवळ आढळतात. महाविद्यालयात प्रवेश घेणारे पुष्कळ. पूर्ण करणारे थोडे.

सैन्याचा अनुभव तर विलक्षण आहे. जी परीक्षा सैन्यासाठी जन्मली, तिच्याकडे सैन्यच संशयाने पाहू लागले. जीईडीधारक शिपाई सेवेची मुदत पुरी होण्याआधी बाहेर पडण्याचे प्रमाण डिप्लोमाधारकांपेक्षा बरेच जास्त आहे, असे दिसल्यावर १९८० च्या दशकापासून अमेरिकन सैन्याने भरतीसाठी डिप्लोमाधारकांना पहिल्या श्रेणीत आणि जीईडीधारकांना दुसऱ्या श्रेणीत ठेवले.

हेकमन यांचे स्पष्टीकरण असे की चार वर्षे शाळेत टिकण्यासाठी वेळेवर येणे, नावडते काम पुरे करणे, शिक्षकांशी आणि सोबत्यांशी जमवून घेणे, असे गुण लागतात आणि सात तासांच्या परीक्षेत ते मोजले जात नाहीत. जीवनात मात्र त्यांचीच किंमत मिळते. याच अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. सरकारी आकडेवारीत जीईडीधारकांना ‘शालेय शिक्षण पूर्ण केलेले’ म्हणून मोजल्यामुळे शाळागळतीचे खरे प्रमाण आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमधील अंतर झाकले जाते. हा मुद्दा मला त्यांच्या मूळ सिद्धान्तापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. समकक्षता व्यक्तीला मदत करीत असतानाच व्यवस्थेला स्वतःचे अपयश लपविण्याची सोयही करून देते.

या निष्कर्षांना उलट बाजूही आहे. जॉन टायलर, रिचर्ड मर्नेन आणि जॉन विलेट यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक सुंदर युक्ती योजली. त्या काळी वेगवेगळ्या राज्यांत उत्तीर्णतेची रेषा वेगवेगळी होती. म्हणजे अगदी समान गुण मिळविलेले दोन तरुण, एक उत्तीर्ण आणि दुसरा अनुत्तीर्ण. फरक फक्त राज्याचा. अशांची काही वर्षांनंतरची मिळकत ताडून पाहिली, तर फरक गुणवत्तेचा नसून प्रमाणपत्राचाच आहे, असे म्हणता येते. काठावर उत्तीर्ण झालेल्या गोऱ्या तरुणांची मिळकत प्रमाणपत्रामुळे १० ते १९ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. अल्पसंख्य समाजांतील तरुणांच्या बाबतीत मात्र असा लाभ दिसला नाही. कागद एकच, पण तो कोणाच्या हातात आहे यावर त्याची किंमत ठरते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने या निष्कर्षावर जरा थांबावे.

‘चारित्र्यगुणांचा अभाव’ हे स्पष्टीकरणही सावधपणे स्वीकारायला हवे. वडील आजारी पडले म्हणून सोळाव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलीमध्ये चिकाटी नव्हती, असे कोण म्हणेल? शाळा सोडणे हा काहींचा कंटाळा असतो आणि काहींची जबाबदारी. सरासरीच्या आकड्यांत हे दोघे एकाच रकान्यात पडतात.

या ठिकाणी आपल्याकडील एका तुलनेचा उल्लेख करणे योग्य होईल. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्या प्रौढांसाठी अनेक वर्षे पूर्वतयारी शिक्षणक्रम चालविला. तो पूर्ण करणाऱ्यास पदवी शिक्षणक्रमाला प्रवेश मिळे. आपण बारावीच्या बरोबरीचे आहोत, असा त्या शिक्षणक्रमाचा दावा नव्हता. पुढचे दार उघडणे एवढेच त्याचे काम होते. जीईडीने ‘बरोबरी’चा दावा केला आणि म्हणून तिची तपासणीही त्याच कसोटीवर झाली. दोन्ही मार्गांचे आपापले तोटे आहेत. बरोबरीचा दावा केला, तर ती सिद्ध करावी लागते. दावा न केला, तर नोकरीच्या अर्जातील ‘बारावी उत्तीर्ण’ हा रकाना रिकामा राहतो.

४.६ वर्ग बदलला तर

परीक्षा हाच शेवटचा टप्पा मानून तिच्यापुरती घोकंपट्टी करून घ्यायची, की तिच्यापलीकडे पाहायचे, हा प्रश्न कम्युनिटी कॉलेजांपुढे गेली काही दशके आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजने आरोग्यसेवा आणि व्यापार या क्षेत्रांभोवती गुंफलेला एक ‘सेतू’ अभ्यासक्रम तयार केला. त्यात वाचनाचे उतारे आणि गणिताची उदाहरणे त्या त्या क्षेत्रातील असत, अध्यापनाचे तास नेहमीच्या वर्गापेक्षा अधिक असत आणि पुढील प्रवेशासाठी सल्लागाराची मदत मिळे. इच्छुकांना सोडत काढून काहींना सेतुवर्गात आणि काहींना नेहमीच्या तयारीवर्गात घातले गेले. त्यामुळे दोन गटांची तुलना न्याय्य झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार वर्षभरात सेतुवर्गातील ५३ टक्के विद्यार्थी जीईडी उत्तीर्ण झाले; नेहमीच्या वर्गातील २२ टक्के. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २४ आणि ७ टक्के होते. प्रयोग लहान होता. तरीही शिकविण्याची पद्धत बदलल्याने तीच परीक्षा आणि त्याच प्रकारची माणसे वेगळा निकाल देतात, एवढे त्यातून दिसते. चिकाटी ही केवळ विद्यार्थ्याच्या स्वभावात असते, की वर्गाच्या रचनेतही, हा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

वॉशिंग्टन राज्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथील ‘आयबेस्ट’ योजनेत एकाच वर्गात दोन शिक्षक असतात: एक व्यवसायाचा, एक भाषा-गणिताच्या पायाभूत कौशल्यांचा. समकक्षता आधी आणि व्यवसायशिक्षण नंतर, असा क्रम न ठेवता दोन्ही सोबत चालतात.

आर्थिक नियमांनी मात्र या प्रयत्नांत मध्येच पाचर मारली होती. पूर्वी हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी नसलेल्या विद्यार्थ्यालाही एक पात्रता चाचणी देऊन केंद्रीय शिष्यवृत्ती मिळू शकत असे. जुलै २०१२ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ही सवलत काढून घेण्यात आली. २०१४ च्या अखेरीस संमत झालेल्या कायद्याने ती अंशतः परत आली, पण विशिष्ट व्यवसायमार्गी अभ्यासक्रमांत नाव असलेल्यांनाच. प्रवेश सर्वांना खुला, पण पैसा प्रमाणपत्राशिवाय नाही, अशा स्थितीत ‘मुक्त प्रवेश’ या शब्दांचा अर्थ किती उरतो? समकक्षता परीक्षेला आजही जे महत्त्व आहे, त्याचा बराचसा भाग या नियमांतून आलेला आहे.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी

पुढील दोन कृतींपैकी एक पूर्ण करून संपर्कसत्राला येताना सोबत आणावी.

(अ) आपल्या परिचयातील, सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा दिलेल्या एका व्यक्तीशी बोला. तिने शाळा का सोडली, परत का आली, अभ्यासाला वेळ कोठून काढला आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर तिच्या कामात किंवा घरातील स्थानात काय बदलले, हे तिच्याच शब्दांत सुमारे ३०० शब्दांत लिहा. व्यक्तीचे नाव लिहू नये.

(आ) आपल्या अभ्यासकेंद्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक समकक्षता परीक्षा तयार करण्याचे काम आपल्याकडे आले, असे समजा. जीईडीत न मोजली जाणारी कोणती एक गोष्ट तुम्ही तिच्यात मोजाल, आणि कशी? ती मोजल्याने ज्याच्यावर अन्याय होईल, अशा एका विद्यार्थ्याचे वर्णन करा.